यूव्ही सेटीच्या भडक्याची वाट कशी बघावी

आकाशदर्शनाला येणारा माणूस पहिल्या वर्षी शनी मागतो, दुसऱ्या वर्षी देवयानीतली दीर्घिका, आणि तिसऱ्या हिवाळ्यात विचारतो, "हे सगळं बघून झालं, आता काय?" त्याला मी हल्ली तिमिंगल तारकासमूहातल्या यूव्ही सेटीकडे पाठवतो. पाठवताना सांगून ठेवतो की बघण्यासारखं तिथं काही नाही. बाराव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) एक ठिपका, शेजारच्या ठिपक्यांत मिसळून गेलेला. पण हा ठिपका मधूनच भडकतो. १९५२ साली तो २० सेकंदांत ७५ पट तेजस्वी झाला होता.

तेवढा मोठा भडका तुमच्या नशिबात कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. लहानसहान भडके मात्र होत राहतात, आणि आठ इंची दुर्बीण, एक वही आणि जाड स्वेटर एवढ्या भांडवलावर ते पकडता येतात. कसे, ते ओळीनं सांगतो.

आधी ठिपक्याची ओळख

नावापासून सुरुवात करू, कारण नवखा माणूस इथंच घसरतो. यूव्ही म्हणजे अल्ट्राव्हायोलेट नव्हे. एखाद्या तारकासमूहात रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे सापडत जातात तशी त्यांना इंग्रजी अक्षरं क्रमानं देतात: आरपासून झेडपर्यंत, मग आरआर, आरएस अशा जोड्या. त्या रांगेत याच्या वाट्याला यूव्ही आलं. भडक्याच्या वेळी हा तारा अतिनील किरणांत खरोखरच जोरात तळपतो, त्यामुळे चुकीचा अर्थ लावणाऱ्याला आपलंच बरोबर आहे असं वाटत राहतं. सेटी हे सीटसचं, म्हणजे तिमिंगलाचं, लॅटिनमधलं षष्ठीचं रूप.

त्या ठिपक्यात दोन तारे आहेत. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात काम करणारे विलेम लायटन आकाशातून भराभर सरकणारे तारे हुडकत असत. १९२५ मधल्या अपघातात त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती, तरी आयुष्यभर त्यांनी हेच किचकट काम केलं. १९४८ मध्ये त्यांना ही जोडी सापडली, म्हणून तिला लायटन ७२६-८ असंही म्हणतात. काटेकोर बोलायचं तर जोडीतला थोडा मंद तारा यूव्ही सेटी आणि किंचित तेजस्वी तारा बीएल सेटी. भडकतात दोघंही. आपल्या दुर्बिणीत दोघांचा मिळून एकच ठिपका दिसतो, आणि मंडळी त्या ठिपक्यालाच यूव्ही सेटी म्हणून मोकळी होतात. मीही तेच करणार आहे.

अंतर ८.७ प्रकाशवर्षं. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर राहणारे हे शेजारी, पण एकाच्या दारात हॅलोजन आणि दुसऱ्याच्या देवघरात समई. यूव्ही आणि बीएल हे दोघंही लाल बटूतारे आहेत. प्रत्येकाचं वस्तुमान सूर्याच्या जेमतेम १२ टक्के, व्यास गुरूच्या सुमारे दीडपट. साधारण साडेसव्वीस वर्षांत ते एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. कक्षा चांगलीच लंबगोल आहे. पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे २.१ पट इतके ते जवळ येतात आणि ८.८ पट इतके लांब जातात. २०२४ मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींच्या जोडणीतून यांच्यापैकी एकाभोवती नेपच्यूनच्या तोडीचा ग्रह असावा असे संकेत मिळाले. तो अजून उमेदवारच आहे.

आता भडक्याचं कारण. सूर्याच्या फक्त बाहेरच्या थरात वायू खालीवर होत असतो. एवढ्या छोट्या ताऱ्यात गाभ्यापासून पृष्ठभागापर्यंत सगळंच आधणासारखं ढवळत असतं. त्यात हा तारा स्वतःभोवती साडेपाच तासांच्या आत फिरतो. सूर्याला त्याच कामाला जवळपास महिना लागतो. ढवळणं आणि गरगर फिरणं मिळून जबरदस्त चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्राच्या रेषा पिळवटत जातात, एका क्षणी तुटून नव्यानं जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा एकदम बाहेर पडते. सूर्यावरची सौरज्वाला अशीच असते. पण सूर्य मुळात इतका तेजस्वी की सौरज्वालेनं त्याच्या एकूण उजेडात फरक जाणवत नाही. इथं मूळ ताराच ३००० अंशांच्या आतबाहेरचा, मिणमिणता. त्यावर ९-१० हजार अंशांचा डाग पेटला की अख्खा तारा उजळल्यासारखा दिसतो, आणि तो उजेड निळसर असतो. निळसर हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

जाता जाता एक कोडं: वय, वस्तुमान, फिरण्याचा वेग या सगळ्यांत जुळे शोभतील अशा या दोघांची चुंबकीय क्षेत्रं सारखी नाहीत. यूव्हीचं क्षेत्र मोठं आणि सुटसुटीत, बीएलचं गुंतागुंतीचं.

कधी बसायचं

परतीचा पाऊस गेला की. ऑक्टोबरच्या मध्यावर पुण्या-मुंबईकडून हा तारा रात्री पाऊण वाजण्याच्या सुमाराला दक्षिणेला सगळ्यात उंच येतो, नोव्हेंबरच्या मध्यावर पावणेअकराला आणि डिसेंबरच्या मध्यावर पावणेनऊला. विदर्भात यातून पंधरा-वीस मिनिटं वजा करा. उंची पुण्याहून जवळजवळ ५४ अंश, पणजीहून थोडी जास्त, नागपूरहून थोडी कमी. युरोपातले लोक याला क्षितिजालगतच्या धुरकटात शोधत बसतात. आपल्याला तो आरामात मिळतो, ही आपल्या अक्षांशाची कृपा. दिवाळीचे चार दिवस सोडून द्या, फटाक्यांच्या धुरात बारावी प्रत बुडते. चंद्र नको, हे वेगळं सांगायला नको.

दुर्बीण

गावाकडच्या आकाशात सहा इंची दुर्बिणीत दिसतो, पण डोळ्यांना त्रास होतो. आठ किंवा दहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण (थोडक्यात डॉब), उत्तम. शहरातून आठ इंचीही कमी पडते. स्वतःची दुर्बीण नसेल तर विकत घ्यायची घाई करू नका. पुण्यात १९४४ पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकडे वांगणीला आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात, तुमच्या जिल्ह्यातही कुणीतरी डॉब घेऊन बसत असेल. अशा ठिकाणी दोन रात्री जा आणि बाराव्या प्रतीचा तारा तुम्हाला दिसतो का, ते बघा. काहींना दिसत नाही. नजर कमजोर म्हणून असं होतं असं नाही, तिरक्या नजरेनं बघायची सवय नसते. ताऱ्याच्या थोडं बाजूला बघायचं, म्हणजे तारा उठून दिसतो.

तारा सापडवणं

खरी मजा आणि खरी कटकट इथं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

भाद्रपदाचा चौकोन तुम्हाला येतोच. त्याची पूर्वेकडची बाजू, म्हणजे उत्तराभाद्रपदेचे दोन तारे, दक्षिणेकडे वाढवत न्या. बाजूच्या लांबीच्या दुप्पटीपेक्षा थोडं जास्त गेलं की एकटाच एक ठळक तारा लागतो: डिफडा, दुसऱ्या प्रतीचा. मीनास्य ओळखत असाल तर त्याच्या डावीकडे वर बघा. डिफडाच्या डावीकडे, थोडा वर, साडेतीन प्रतीच्या आसपासचा ताऊ सेटी आहे. हा नुसत्या डोळ्यांना दिसतो, पण शहरातून नाही. यूव्ही सेटी ताऊच्या नैर्ऋत्येला सव्वादोन अंशांहून थोडा जास्त, म्हणजे साडेचार पूर्णचंद्र ओळीत मांडले तर जेवढं होईल तेवढा. फाइंडरमध्ये, म्हणजे दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत, ताऊ ठेवला की यूव्हीची जागा त्याच चकतीत येते. आणखी एक गंमत: हे दोघे आकाशात नुसते जवळ दिसत नाहीत. ताऊ ११.९ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यांच्यातलं प्रत्यक्ष अंतर ३.२ प्रकाशवर्षं. खरेखुरे शेजारी.

पण ताऊवरून उड्या मारत जाताना नवखे हमखास हरवतात. त्यांच्यासाठी मी दुसरी युक्ती सांगतो. डिफडा आणि यूव्ही सेटी यांची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, जवळजवळ एकच आहे, उणे १८ अंशांच्या अलीकडे. फरक दोन कलांपेक्षाही कमी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). विषुवांशातला, म्हणजे आकाशातल्या रेखांशातला, फरक साडेपंचावन्न मिनिटं. याचा अर्थ काय? पृथ्वी फिरते आहे, आपण काहीच करायचं नाही. कमी शक्तीची, अंशभराचं आकाश दाखवणारी नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावा. डिफडा बरोबर मधोमध आणा. घड्याळ बघा. आता डॉबवरून हात काढा आणि ५५ मिनिटं २० सेकंद चहा प्या. डिफडा केव्हाच निघून गेलेला असेल आणि त्याच जागी, नेत्रिकेच्या मध्यावर, यूव्ही सेटी आलेला असेल.

अट एकच. मधल्या वेळात डॉबला कुणी हात लावता कामा नये, वाऱ्यानंही नाही. आमच्याकडे पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा ५१ व्या मिनिटाला एका काकूंनी "काय दिसतंय?" म्हणत नेत्रिकेला धरून डोळा लावला. "काहीच नाही की हो," असं म्हणून त्या गेल्या. पुन्हा डिफडा, पुन्हा ५५ मिनिटं. तेव्हापासून आम्ही डॉबभोवती चार खुर्च्या उलट्या मांडून ठेवतो.

तारा मधे आला असं वाटलं तरी तोच आहे हे नकाशावरून पटवून घ्या. अमेरिकेत १९११ मध्ये सुरू झालेल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेच्या, म्हणजे एएव्हीएसओच्या, संकेतस्थळावर ताऱ्याचं नाव टाकलं की नकाशा तयार होऊन मिळतो. डॉबमध्ये चित्र उलटं दिसतं, तेव्हा नकाशा मागतानाच तसा मागा. आणि हा तारा जागेवर बसत नाही. वर्षाला तो सव्वातीन विकलांहून (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) जास्त सरकतो. लायटनच्या काळापासून आजवर चार कलांपेक्षा जास्त पुढं गेला आहे. जुन्या नकाशावरच्या फुलीखाली तारा नसेल तर घाबरू नका, फुलीच्या किंचित पूर्वेला शोधा.

प्रत लावणं

नकाशावर आजूबाजूच्या ताऱ्यांशेजारी ११४, १२१, १२६ असले आकडे दिसतील. ते ११.४, १२.१, १२.६ असे वाचायचे. दशांशचिन्ह मुद्दामच गाळलेलं असतं, नाहीतर अंधारात तो टिंब म्हणजेही तारा वाटतो. यूव्हीपेक्षा थोडा तेजस्वी एक तारा आणि थोडा मंद एक तारा निवडा, आणि आपला त्या दोघांच्या मधे नेमका कुठं बसतो ते ठरवा. शांत असताना तो बाराच्या थोडा पलीकडे असतो. रात्रभर हेच दोन तारे वापरा, बदलू नका.

सुरुवातीला तुमच्या अंदाजात दोन-तीन दशांशांची चूक होणारच. म्हणून अर्ध्या प्रतीपेक्षा कमी चढ दिसला तर त्याला भडका म्हणू नका. माझा स्वतःचा पहिला "भडका" असाच होता. तारा उजळतोय, मावळतोय, परत उजळतोय! दहा मिनिटं मी हवेत होतो. मग लक्षात आलं की माझीच नजर थकून सरळ-तिरकी होत होती. तुलनेचे तारेही तेवढेच वरखाली होत होते, त्यांच्याकडे मी बघितलंच नव्हतं. तेव्हापासूनचा नियम: काही झालंसं वाटलं की आधी शेजाऱ्याकडे बघायचं. शेजारीही उजळला असेल तर ढग विरळ झाला, दव पुसलं गेलं, किंवा डोळा ताजातवाना झाला.

बसायचं कसं

भडका काही सेकंदांत, फार तर मिनिटाभरात चढतो आणि काही मिनिटांपासून अर्धा-पाऊण तास उतरत राहतो. त्यामुळे अर्ध्या तासानं एकदा डोकावून उपयोग नाही. पंधरा-वीस सेकंदांनी एक नजर, आणि दर पाच मिनिटांनी वहीत एक नोंद. मधे काही हललं तर लगेच. अर्धा तास बसा, दहा मिनिटं उठा. जोडीदार असेल तर एकानं बघावं, एकानं लिहावं. एकटे असाल तर मोबाइल खिशात रेकॉर्डिंगवर ठेवा, सुरुवातीला घड्याळातली वेळ मोठ्यानं बोला आणि पुढं जे दिसेल ते फक्त बोलत जा. वही, लाल टॉर्च, पेन यांच्या झटापटीत भडक्याचा चढ निसटतो. रेकॉर्डिंगमधून वेळ नंतर सेकंदापर्यंत काढता येते.

शांत वेळेची नोंदही तितकीच हवी. भडके किती वेळानं होतात हे काढायचं तर कुणीतरी किती वेळ बघत होतं आणि काही झालं नाही, हेही माहीत असावं लागतं. ब्रिटनमध्ये जॉड्रेल बँकला बर्नार्ड लव्हेल यांना अशा ताऱ्यांकडून रेडिओ लहरींचे झोत येताना दिसले, तेव्हा हे झोत ताऱ्याचेच कशावरून, हा प्रश्न आलाच. उत्तरासाठी त्याच क्षणी दृश्य प्रकाशात काय चाललं होतं हे लागत होतं. स्मिथसोनियन संस्थेच्या, उपग्रहांचा माग काढणाऱ्या कॅमेऱ्यांकडून ते मिळालं आणि १९६३ मध्ये दोघांनी मिळून निष्कर्ष छापले. दोन्हीकडच्या वेळा जुळल्या नसत्या तर सगळंच मुसळ केरात.

कॅमेरा असेल तर

हल्ली छोट्या स्वयंचलित दुर्बिणी मिळतात, सीस्टारसारख्या. बारावी प्रत त्यांना दहा सेकंदांच्या छायाचित्रात सापडते. पण त्या डझनावारी छायाचित्रं एकावर एक रचून एक देखणं चित्र देतात, आणि रचताना जे इतरांशी जुळत नाही ते उपग्रह किंवा विमान समजून पुसून टाकतात. तुमचा भडका त्यातच पुसला जातो. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक सुटं छायाचित्र साठवायला सांगा. तेजोमेघांसाठीचा फिल्टर काढा.

मोजताना आठवा तो निळसर शब्द. रंगीत कॅमेऱ्याच्या निळ्या, हिरव्या आणि लाल भागांतली मोजणी वेगवेगळी करा. खरा भडका निळ्यात सगळ्यात मोठा आणि लालमध्ये सगळ्यात लहान दिसतो. तिन्हींत सारखाच चढ आला तर शंका घ्या. दोन-तीन हिवाळ्यांची छायाचित्रं शेजारी ठेवली तर ताऱ्याचं सरकणंही फुकटात दिसेल.

ढगाळ आठवड्यानंतरचा सराव

थेट बाराव्या प्रतीवर उडी घ्यायला धीर होत नसेल तर देवयानीतला ग्रूमब्रिज ३४ घ्या. ११.६ प्रकाशवर्षांवरची ही दोन लाल बटूंची जोडी. आठव्या आणि अकराव्या प्रतीचे तारे, छान वेगवेगळे दिसतात. तेही भडकणाऱ्यांतलेच, पण स्वभावानं सौम्य. महाश्वातला ईक्यू पेगासीही चालेल, दहाव्या प्रतीचा. फक्त नाशिककरांनी एक ध्यानात घ्यावं: तो त्यांच्या बरोबर माथ्यावरून जातो, आणि सरळ वर बघायला लागलं की डॉब वळता वळत नाही. तासभर आधी किंवा नंतर बघा.

नोंद पाठवणं

एएव्हीएसओत नाव नोंदवलं की निरीक्षक म्हणून तुम्हाला अक्षरांचा एक संकेत मिळतो. तारा, वेळ, प्रत, वापरलेले दोन तुलना तारे आणि शेरा, एवढं भरायचं. वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. किंवा ज्युलियन दिनांकात, म्हणजे खगोलशास्त्रातल्या दिवस सलग मोजत जाण्याच्या पद्धतीत. ज्युलियन दिनांक आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच दिनांकात बसते. मध्यरात्रीनंतर तारीख बदलायची विसरण्याची आपली जुनी खोड इथं नडत नाही.

वहीतलं पान कसं दिसावं याचा नमुना म्हणून माझं डिसेंबरमधलं एक देतो, जसं आहे तसं:

८.१० डिफडा मधे. ९.०५ यूव्ही मधे, नकाशाशी जुळवला.
९.१५ ते ९.४५: १२.२, शांत.
विश्रांती.
९.५५: १२.२. १०.००: १२.१. १०.०५: १२.२.
१०.०८ मि. २० से.: उजळला? शेजारी जसाच्या तसा. १०.०८.४०: ११.४ च्या ताऱ्याएवढा. १०.०९.१०: ११.६. १०.११: ११.९. १०.१५: १२.१.
१०.२० ते १०.५०: १२.२, शांत. आरशावर दव.
१०.५५ पश्चिमेकडून ढग. बंद.